जहाजावरची मंडळी, वर्णनासकट

गाड्यांच्या विम्याच्या सर्व्हेअरने मोबाइलवरच्या एआय ॲपमध्ये 'नाकासमोर चालणारा गृहस्थ' असं टाइप केलं, आणि चित्रात त्याचा मोठा मेहुणा अवतरला तो पुढ्यात दरवाजाएवढं नाक घेऊन. नाक पुढे, मेहुणा मागे, दोघंही जहाजाच्या डेकवरून एका रेषेत चाललेले. सर्व्हेअरने ते चित्र घाईघाईने पुसलं आणि सासूबाईंकडे वळला. 'चेहऱ्यावर बारा वाजलेल्या वृद्ध बाई' असं लिहिल्यावर शालीच्या वर भिंतीवरचं घड्याळ आलं, दोन्ही काटे अचूक बारावर. धाकट्या मेहुणीच्या 'नाकाच्या शेंड्यावर राग' होता, म्हणून तिच्या नाकावर लाल रंगाचं एक लहानसं जनावर येऊन बसलं. आणि 'कायम हवेत असणारा' साडू कठड्यापासून हातभर उंच तरंगू लागला. खाली ॲप नम्रपणे विचारत होतं, 'हे तुमच्या मनासारखं आहे का?'

"तुझ्या मनासारखं असेल," सर्व्हेअर पुटपुटला आणि गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

गाडी घराखालीच उभी होती. काही दिवसांपासून कामावरून आला की तो वर न जाता गाडीतच बसायचा, काचा वर करून आणि मोबाइलचा आवाज पूर्ण बंद करून. सगळा मामला गुपित होता. सासऱ्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. त्यांनी उभं आयुष्य बंदराच्या कचेरीत काढलं, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक जहाजाची कागदपत्रं तपासली, पण स्वतः कधी जहाजावर पाय ठेवला नाही. आता गुडघे बोलू लागले होते. तेव्हा सगळं कुटुंब जहाजावर बसून समुद्रात निघालंय असा एक छोटा व्हिडिओ एआयकडून करून घ्यायचा आणि वाढदिवसाला टीव्हीवर लावायचा, असं सर्व्हेअरच्या मनाने घेतलं होतं.

यात थोडा स्वतःचा हिशेबही होता. मागे सासूसासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने आग विझवायचा लाल सिलिंडर भेट दिला होता. विम्याच्या धंद्यातल्या माणसाला ती अतिशय विचारपूर्वक दिलेली भेट वाटत होती. साडूने त्याच दिवशी आरामखुर्ची दिली. खुर्ची हॉलच्या मधोमध आली, सिलिंडर दाराआड गेला, आणि सर्व्हेअरही त्या घरात जरासा दाराआडच राहिला.

ॲपला खऱ्या माणसांचे फोटो चालत नव्हते. 'कृपया शब्दांत वर्णन करा' हे त्याचं पालुपद. 'सासऱ्यांना तीन हात नकोत' असं लिहिलं तर त्याने चार दिले. शेवटी सर्व्हेअरने ऑफिसातल्या फोटोवाल्याला गाठलं. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढणं हे या फोटोवाल्याचं काम, आणि हे नवे खेळ त्याच्या हातचा मळ.

फोटोवाल्याने घड्याळवाल्या सासूबाई पाहिल्या, पोट धरून हसून घेतलं आणि मग म्हणाला, "साहेब, तुम्ही मनात येतं ते लिहिताय. त्याला मन कळत नाही. डोळ्यांना दिसतं ते लिहा."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडीचा रिपोर्ट लिहिता तसं. 'गाडीची रया गेली' असं लिहिता का कधी? नाही ना? 'पुढचा बंपर डावीकडे वाकलेला, दिवा फुटलेला, रंग उडालेला' असं लिहिता. वाचणाऱ्याला अंदाज करायला जागाच ठेवत नाही तुम्ही. तेच करा. उजेड कुठून येतोय, कॅमेरा लांब का जवळ, काय हलतंय, काय स्थिर आहे. नको असलेलं लिहूच नका, हवं तेवढंच सांगा. आणि एका माणसाचं वर्णन प्रत्येक दृश्यात शब्दाला शब्द तेच ठेवा. जरा ढिलं सोडलंत की ते दर वेळी नवं तोंड बसवतं."

सर्व्हेअरचे डोळे चमकले. वीस-बावीस वर्षं त्याने चेपलेल्या, घासलेल्या, उलटलेल्या गाड्यांची वर्णनं लिहिली होती. मालक शपथेवर सांगायचा, "ओरखडा आजचाच आहे हो," आणि सर्व्हेअर वाकून, बोट फिरवून म्हणायचा, "गंज जुना आहे." पण आपल्या या कलेचा घरगुती उपयोग होईल हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गाडीत बसून त्याने सासऱ्यांपासून सुरुवात केली आणि लिहिता लिहिता त्याला लय सापडली. सासरे झाले, सासूबाई झाल्या, मेहुणा, साडू, मेहुणी. एकेक माणूस तो डोळ्यांपुढे उभा करी, भोवती एक फेरी मारी, आणि पुढून, मागून, खालून तपासून लिही. आणि काय सांगावं, चित्रं येऊ लागली ती जिवंत! सासूबाई कठड्याला टेकून अशा बघत होत्या की सर्व्हेअरने नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

काचेवर टकटक झाली. बाहेर बायको उभी होती.

"अहो, वर येताय ना? चहा निवला. आणि कुणाशी बोलताय रोज असं लपून?"

"कुणाशी नाही. आवाज बंद आहे, हा बघ."

"आवाज बंद करून बोलताय?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. त्याने तिला जहाजाचं सांगितलं, दाखवलं मात्र काही नाही. तिचा चेहरा उजळला. बाबांना फार आवडेल म्हणाली. मग जाता जाता वळून तिने विचारलं, "मी आहे ना त्यात?"

"आहेस तर. मागे आहेस."

"मागे का?"

"अगं, सगळ्यांना पुढे कुठली जागा!"

ती हसली आणि जिना चढून गेली. सर्व्हेअरला भूक लागली होती. बायकोचं तेवढं लिहायचं राहिलं होतं, पण तिचं काय वेगळं लिहायचं? ती तर असतेच. दोन-चार शब्दांत त्याने ते उरकलं. तेवढ्यात ॲपने विचारलं, 'तुमच्याच शब्दांत निवेदन जोडू का?' व्हिडिओच्या सुरुवातीला त्याने सासऱ्यांसाठी शुभेच्छांच्या दोन सुंदर ओळी लिहिल्या होत्या. त्या कुणी वाचून दाखवणार असेल तर सोन्याहून पिवळं, असं म्हणून त्याने 'हो' दाबलं. तयार झालेला व्हिडिओ त्याने पुढचे दोन दिवस सवड मिळेल तेव्हा पाहिला. अर्थातच आवाज बंद ठेवून.

वाढदिवस मोठ्या मेहुण्याच्या घरी होता. दुपार कलली होती. केक कापून झाला होता, सासरे साडूने दिलेल्या आरामखुर्चीत बसले होते. ती खुर्ची खास टेम्पोत घालून आणली होती. साडूने या वेळी पाय चोळायचं यंत्र आणलं होतं आणि सगळे त्याचं कौतुक करत होते. सर्व्हेअर त्या कौतुकात मनापासून सामील झाला. जिंकणाऱ्या माणसाला उदार होणं सोपं जातं.

"आता जावईबापूंची भेट," मोठ्या मेहुण्याने घोषणा केली आणि टीव्हीचा रिमोट हातात घेतला. हा मेहुणा कुटुंबातल्या प्रत्येक समारंभाचा स्वयंनियुक्त अध्यक्ष. टीव्ही भिंतभर रुंद होता, शेजारी गुडघाभर उंचीचे स्पीकर उभे होते. सर्व्हेअरने मोबाइलवरून व्हिडिओ टीव्हीकडे पाठवला आणि हात बांधून भिंतीला टेकून उभा राहिला.

निळाशार समुद्र, पांढरं जहाज. मंद संगीत सुरू झालं. सर्व्हेअर चमकला, संगीत आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मग एका बाईचा मऊ, दाटलेला, अत्यंत सुसंस्कृत आवाज हॉलभर पसरला. "प्रिय बाबा, ज्या समुद्राची कागदपत्रं तुम्ही जन्मभर तपासलीत, तो आज तुम्हाला भेटायला आलाय."

"वा!" सगळ्यांच्या तोंडून निघालं. सासऱ्यांनी डोळे पुसले. मेहुणीने टाळी वाजवली. बायकोने सर्व्हेअरकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले.

पडद्यावर सासरे आले. हुबेहूब! डेकवर उभे, केस वाऱ्यावर. आणि तो मऊ आवाज पुढे बोलू लागला, "वृद्ध पुरुष. कॅमेरा जवळ. पाठीला बाक, पण कुणी बघत असलं की ताठ. डाव्या कानात ऐकण्याचं यंत्र, बहुधा बंद करून ठेवलेलं. शेजारी पत्नी बोलते आहे. पुरुषाच्या चेहऱ्यावर काहीही ऐकू न येण्याचं खोल समाधान."

सर्व्हेअरचे बांधलेले हात सुटले.

"बंद करून ठेवलेलं?" सासूबाई सावकाश म्हणाल्या.

"काय म्हणाली ती?" सासऱ्यांनी कानामागे हात धरून विचारलं.

"तुम्हाला ऐकू आलंय! गेली सहा वर्षं मी घसा कोरडा करतेय आणि तुम्ही ते यंत्र बंद करून बसता?"

"अगं, बॅटरी..." सासरे म्हणाले, आणि आपण उत्तर दिलं हे लक्षात येऊन गप्प झाले.

सर्व्हेअर पुढे धावला. "काहीतरी गडबड झालीय. बंद करा, बंद करा जरा!" त्याने मोबाइलवर बोटं आपटली, पण टीव्हीने एव्हाना व्हिडिओ पोटात घेतला होता. मोबाइलला तो आता जुमानत नव्हता.

"थांबा!" सासूबाई कडाडल्या. "चालू ठेवा. आणखी काय काय लपवलंय या माणसाने, ते कळू दे मला."

पण पुढचं दृश्य त्यांचंच होतं. "वृद्ध स्त्री, खांद्यावर शाल. उजेड समोरून. ओठ घट्ट मिटलेले, कुणाला तरी टोमणा मारायचा आहे आणि योग्य वेळेची वाट बघते आहे असे. नजर समोरच्या माणसाच्या चपलेपासून सुरू होते, हळूहळू वर चढते, आणि तोंडापर्यंत पोचेतो त्याची किंमत करून मोकळी होते."

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. मग सगळे आपल्या ओठांकडेच बघताहेत हे कळून पटकन उघडले, आणि उघड्या तोंडाने काय करावं हे न सुचून पुन्हा मिटले. त्यांची नजर सर्व्हेअरच्या पावलांपासून वर चढायला निघाली, गुडघ्यापाशी अडखळली आणि जमिनीकडे वळली. सर्व्हेअरला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली धरणी नव्हती, दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी होते.

"दादा, प्लीज, रिमोट द्या," तो काकुळतीला आला.

मोठा मेहुणा हसून हसून लाल झाला होता. "अजिबात नाही! आई, अगं काय लिहिलंय यांनी! मानलं तुम्हाला, जावईबापू!" त्याने रिमोट उंच धरला. आणि तो मऊ आवाज बोलता झाला, "पुरुष, वय पन्नाशीपुढे. पुढच्या भागातले केस पूर्ण गेलेले. मागचे केस वाढवून, ओढून पुढे आणलेले आणि कपाळावर चिकटवलेले. वारा डावीकडून. केसांचं झाकण उघडतं. शर्टाच्या खालच्या बटणांवर पोटाचा ताण, एक बटण कोणत्याही क्षणी सुटेल. चेहऱ्यावर न मागितलेला सल्ला देण्यापूर्वीचं हसू."

पडद्यावर वारा आला आणि झाकण उघडलं. हॉलमधल्या मेहुण्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला. त्याचं हसणं मावळलं, रिमोटचा हात खाली आला. आता तो खरोखरच बंद करणार असं सर्व्हेअरला वाटलं. पण पुढचं चित्र साडूचं होतं, आणि एकट्यानेच का बुडावं, अशा विचाराने मेहुण्याने रिमोट मांडीखाली घालून सोफ्यावर बसकण मारली.

सर्व्हेअर हात पसरून टीव्हीपुढे उभा राहिला. त्याच्या शर्टावर समुद्र हलू लागला.

"बाजूला व्हा भावोजी, दिसत नाहीये," मेहुणी म्हणाली.

"पुरुष, चाळिशीतला," आवाज काही त्याला अडवता आला नाही. "पाच फूट तीन इंच, पण पाच फूट आठ इंच असल्यासारखा उभा. बुटांना आतून उंच टाच. महागडं घड्याळ, वेळ बघण्याऐवजी दाखवण्यासाठी मनगट वळवलेलं."

"आतून टाच?" मेहुणीने नवऱ्याकडे पाहिलं. "तू बुटात काय घालतोस?"

"पाठीच्या कण्यासाठी आहे ते. डॉक्टरांनीच सांगितलंय," साडू म्हणाला. दाराशी काढून ठेवलेल्या त्याच्या बुटांकडे सगळ्यांच्या माना वळल्या. तो सोफ्यावर बसल्या बसल्या पाय आत ओढून घेऊ लागला.

मेहुणीचं हसू फार टिकलं नाही. "स्त्री, तरुण दिसण्याच्या प्रयत्नात. दात नव्याने दुरुस्त केलेले, एकसारखे पांढरे. ते दिसावेत म्हणून न झालेल्या विनोदालाही हसते आहे." तिने तोंडावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला.

सर्व्हेअर भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्याला स्वतःच्या शब्दांची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. गाडीत बसून लिहिताना ही माणसं त्याला माणसं वाटलीच नव्हती. कुठे चेपलंय, कुठे गंजलंय एवढंच त्याने पाहिलं होतं. आणि वाईट हे, की त्या वेळी त्याला मजा आली होती.

आता एकच माणूस उरला होता. ते सगळ्यांच्याच ध्यानात आलं. पाचही दुखावलेली माणसं खुर्चीत, सोफ्यावर पुढे सरकून बसली. सर्व्हेअरची बायको दारापाशी केकच्या ताटल्या गोळा करत होती, ती थांबली. इतकी वर्षं सोसलेल्या नवऱ्याने आपल्याबद्दल काय लिहिलंय, याची तिला धास्ती वाटत असावी. पण चेहऱ्यावर थोडी उत्सुकताही होती.

"मागे कठड्याजवळ एक स्त्री," आवाज म्हणाला. "साधी."

मग समुद्राचा आवाज आला. सगळे थांबून राहिले. लाट आली, गेली. पुढे काहीच आलं नाही.

पडद्यावर मागे एक बाई होती खरी. कॅमेरा फिरला, दृश्य बदललं, तसं तिचं तोंड बदललं. एकदा ती लांब केसांची होती, एकदा चष्मा लावलेली, आणि शेवटच्या दृश्यात ती पाठमोरी होती. जहाज क्षितिजाकडे गेलं आणि 'समाप्त' अशी अक्षरं आली.

"एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

बायकोने शेवटची ताटली उचलली. "चहा कोणाकोणाला?" असं नेहमीच्या स्वरात विचारलं, उत्तराची वाट न बघता आत गेली, आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. आतापर्यंत सर्व्हेअरला फाडून खायला निघालेली माणसं आपापलं दुःख विसरली.

"माझ्या बुटाच्या आत शिरलात तुम्ही," साडू म्हणाला. "आणि ताईसाठी एक शब्द?"

"माझ्या टकलावर चार वाक्यं खर्च केलीत!" मोठा मेहुणा उठून उभा राहिला. "मला राग आलाय, नाही असं नाही. पण मला पाहिलं तरी आहे तुम्ही."

सासूबाईंनी शाल सारखी केली. "माझ्याबद्दल लिहिलंत ते खोटं नाही, जावईबापू. माझी आईसुद्धा हेच म्हणायची. पण माझ्या लेकीला तुम्ही कधी पाहिलंत का हो?"

"मी... घाईत होतो," सर्व्हेअर म्हणाला. आपल्याला चहाला जायचं होतं आणि तो चहा तिनेच केला होता, हे सांगायची त्याची छाती झाली नाही.

सासऱ्यांनी खुर्चीवर हात आपटला. "लिहा. आत्ता, इथे बसून. तिचं व्यवस्थित वर्णन लिहा. आत डोकवायचं नाही."

सर्व्हेअर स्टुलावर बसला. मोबाइलचं कोरं पान समोर होतं. 'स्त्री,' त्याने लिहिलं, 'वय पंचेचाळीस.'

"सत्तेचाळीस," सासूबाई म्हणाल्या.

'केस लांब, काळे.'

"तिने केस खांद्यापर्यंत कापले त्याला वर्ष झालं, भावोजी," मेहुणी तोंडावरचा हात न काढता म्हणाली.

त्याने खोडलं. डोळे? डोळे काळे असतात. नाक सरळ. उंची आपल्या खांद्याएवढी, की कानाएवढी? भर रस्त्यात उलटलेल्या कुठल्याशा ट्रकच्या नंबरप्लेटवरचे आकडे त्याला आजही तोंडपाठ होते, आणि चोवीस वर्षं समोर बसून जेवणाऱ्या बाईच्या गालावर खळी पडते का, हे काही केल्या आठवेना. त्याने मग जमेल तसं लिहून बटण दाबलं. चित्र टीव्हीवर आलं. सगळ्यांनी ते निरखून पाहिलं.

"ही आमच्या बँकेतली पासबुक भरून देणारी बाई आहे," मोठा मेहुणा म्हणाला.

कुणी हसलं नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. सर्व्हेअर खाली मान घालून बसून राहिला.

"बरं, आणि तुम्ही कुठे होतात जहाजावर?" सासऱ्यांनी विचारलं.

सर्व्हेअरने तोंड वर केलं. ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने स्वतःला जहाजावर घेतलंच नव्हतं.

मेहुणीला काय वाटलं कोण जाणे. तिने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "ताई! भावोजींचं वर्णन सांग गं, मी लिहिते."

नळाचा आवाज बंद झाला नाही. त्यातूनच बायकोचा आवाज आला, सपाट, जणू सामानाची नावं सांगावीत तसा.

"एकोणपन्नास वर्षांचे. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, बॅगेमुळे. चष्म्याची उजवी काडी सैल, म्हणून मान थोडी तिरकी. कानाच्या वर केस पांढरे, ते आरशात दिसत नाहीत म्हणून त्यांना माहीत नाही. खिशाला दोन पेनं, एक चालतं. हनुवटीखाली दाढीचा एक ठिपका रोज राहतो. कुणी चांगलं म्हटलं की खाली बघतात आणि चुकलं की भिंतीकडे. दुसऱ्याच्या मोडलेल्या गाडीवरून हात फिरवतात तेव्हा फार हळू फिरवतात, जणू तिला दुखेल." ती थांबली. एक भांडं खणकन ठेवल्याचा आवाज झाला. "बास. पुढचं नको लिहूस."

मेहुणीने बटण दाबलं. डेक रिकामा होता, आणि त्यावर सर्व्हेअर उभा होता. तिरकी मान, खाली आलेला खांदा, हनुवटीखालचा ठिपका. तो सर्व्हेअरचा भाऊ नव्हता, सारखा दिसणारा कुणी नव्हता. तो सर्व्हेअरच होता. त्या मऊ आवाजाने सगळं वर्णन पुन्हा एकदा हळुवारपणे वाचून दाखवलं, आणि खरा सर्व्हेअर त्या वेळी भिंतीकडे बघत होता, हेही सर्वांना दिसलं.

"नंबर एक!" सासरे म्हणाले. "याला म्हणतात वर्णन."

आणि मग हसण्याचा जो धबधबा फुटला त्यात सगळे सापडले. सासूबाई ओठ सोडून हसल्या. मेहुणीने हात काढून नवे दात मोकळे केले. मेहुण्याच्या शर्टाचं ते बटण खरोखरच सुटून टेबलाखाली गेलं आणि साडू उंच टाचेविना, मोज्यांवर, ते शोधायला वाकला. सर्व्हेअरला मात्र हसता येईना. इतक्या बारकाईने आपल्याला कुणी पाहिलं असेल, तेही रोज, बोलून न दाखवता, ही गोष्ट त्याला आतल्या आत चिरत गेली. त्याच्यावर कुणी ओरडलं असतं तर ते त्याने सोसलं असतं.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. बायको कप विसळत होती. त्याने पंचा घेतला आणि एक कप पुसायला घेतला.

"तिकडे बसा. पाहुणे आहात तुम्ही."

"मी चुकलो गं."

"कळलं ते. तो कप आधीच पुसलेला आहे."

त्याने दुसरा घेतला. खिडकीतून उतरतं ऊन तिच्या तोंडावर येत होतं. तो बघत राहिला. केस खरोखरच खांद्यापर्यंत होते. मनगटावर भाजल्याचा डाग होता. गालाला खळी पडते का हे आत्ता कळायला मार्ग नव्हता, कारण ती हसत नव्हती.

"काय बघताय?"

"तुझ्या डाव्या भुवईत एक खूण आहे. केस नाहीत तिथे."

"लहानपणापासून आहे."

"कशाची?"

तिने नळ बंद केला. चोवीस वर्षांत हा प्रश्न आला नव्हता, आणि आता आला तर तो खरा आहे की नुसती सारवासारव आहे, हे ती त्याच्या तोंडाकडे बघून तपासत होती. मग तिने ओले हात पुसले.

"मोठी गोष्ट आहे," ती म्हणाली. "उभ्या उभ्या संपायची नाही."

त्याने कोपऱ्यातलं स्टूल तिच्यासाठी ओढलं आणि स्वतः ओट्याला टेकून उभा राहिला. "सांग."

"दादाने नवी सायकल घेतली होती," तिने सुरुवात केली. "आणि मला पुढच्या दांडीवर बसवून तो म्हणाला, हात सोडून चालवून दाखवतो..."

मग हॉलमधून मोठ्या मेहुण्याचा घाबरा आवाज आला, "जावईबापू, तिचं काही ऐकू नका! आई इथेच बसलीय! तिला आम्ही दाराची कडी लागली म्हणून सांगितलं होतं!"